भात्याच्या सणाला हरवलेल्या लाटा

१

डबी रिकामी होती.

तामाओने झाकण उघडलं, आत पाहिलं, झाकण लावलं आणि पुन्हा उघडलं. रेशमी रुमाल होता, रुमालात पदकाच्या आकाराचा खळगा होता, आणि खळग्यात काही नव्हतं.

"आत्या," ती म्हणाली, "लाटा गेल्या."

मी स्वयंपाकघरात मुळे सोलत होते. हातातली सुरी तशीच घेऊन धावले. पोरीचा चेहरा पांढराफटक पडला होता. रडत नव्हती. रडली असती तर मला बरं वाटलं असतं.

'लाटा' म्हणजे किमोनोच्या कंबरपट्ट्यावर लावायचं पदक. लंबगोल, तळहातात मावेल एवढं. तांब्याचे आणि शाकुदोचे पत्रे एकावर एक रचायचे, भट्टीत एकजीव करायचे, कोरायचे, ठोकायचे, पुन्हा कोरायचे. मग लाकडात असतात तशा रेषा धातूत उमटतात. शाकुदो म्हणजे तांब्यात थोडंसं सोनं मिसळलेलं. तामाओ नोतोच्या किनाऱ्यावरच्या मासेमाराची मुलगी, आमच्याकडे काम शिकायला राहिलेली. तिने त्या रेषांतून हिवाळ्यातला समुद्र काढला होता, लाल आणि काळा. त्यातला काळा माझा.

मी हात्सुए, या घराची रंगारीण. आमच्याकडे रंग वरून फासत नाहीत. मोरचूद आणि तांब्याचा हिरवा क्षार घालून काढा करायचा, त्यात दागिना उकळायचा, आणि रंग धातूच्या पोटातून वर आणायचा. आमच्या कानाझावा शहरात हे काम करणारे पुष्कळ आहेत. माझ्यासारखा काळा कुणाला जमत नाही, असं लोक म्हणतात. लोक कशाला, मीच म्हणते.

तर त्या दिवशी भात्याचा सण होता. नोव्हेंबरातला हा एक दिवस आम्ही धातूवाले भट्टी पेटवत नाही. अवजारं आदल्या दिवशी धुऊन, पुसून, कापडात गुंडाळून ठेवतो. भात्यापुढे संत्री मांडतो, नमस्कार करतो, आणि भात्याला म्हणतो, बाबा रे, आज तू झोप.

आणि याच दिवशी आमच्या घराचं नाव एका हातातून दुसऱ्या हातात जातं. माझा दादा तिसरा सेइगान. ब्याऐंशी वर्षांचा आहे, हात थरथरतात. यंदा त्याने धातूवाल्यांच्या मंडळाच्या वडीलधाऱ्यांना सांगून टाकलं होतं, "मी पुढचा सण बघेन न बघेन. यंदा तामाओचं काम बघा. पसंत पडलं तर तुमच्यासमोर ती आपल्या पदकामागे 'सेइगान' कोरेल. नाही पडलं तर नाव माझ्याबरोबर संपलं. भाता मी कायमचा बंद करीन."

जेवणानंतर ते तिघे वडीलधारे येणार होते. पदकाशिवाय त्यांना काय दाखवायचं, मुळ्याचं लोणचं?

"पोलिसांना फोन करते," मी म्हणाले.

"नको," मागून दादाचा आवाज आला. तो केव्हा येऊन उभा राहिला होता कोण जाणे. "सणाच्या दिवशी घरात पोलीस नकोत. हात्सु, लहानपणी माझ्या लपवलेल्या गोट्या तू शोधायचीस. आता हे शोध."

२

सकाळी उठल्यावर तामाओने डबी उघडून पाहिली होती, तेव्हा लाटा जागेवर होत्या. मग दादा, ती आणि मी देवळात गेलो. परत आलो तेव्हा घरात तिघे होते. तोकुजिरो, आमचा जुना कारागीर. मुरोई, टोकियोचा दागिन्यांचा व्यापारी. आणि नाओयुकी, दादाचा एकुलता एक मुलगा, माझा भाचा, पहाटेच्या गाडीने आलेला. बाहेरचं दार आम्ही निघताना तोकुजिरोने आतून लावलं होतं, नाओयुकी आणि मुरोईला आत घेण्यापुरतंच उघडलं, आणि आम्ही परतेपर्यंत बाहेर कुणी गेलं नव्हतं. म्हणजे चोर घरातला, आणि पदकही घरातच.

मी आधी मुरोईकडे गेले. बैठकीत बसून चहा पीत होता. चांगला सूट, चांगला चष्मा, आणि जिभेवर साखर.

"मुरोईसाहेब, बॅग उघडा."

त्याला मिरच्या झोंबल्या. "हात्सुएबाई! तुमच्या घराशी माझा वीस वर्षांचा संबंध आहे!"

"म्हणूनच विचारून उघडायला सांगतेय. नाहीतर मीच उघडली असती."

त्याने बॅग उघडली. दोन शर्ट, दाढीचं सामान, आणि कागदात गुंडाळलेली मिठाई. मी मिठाईही सोडून पाहिली. बीनच्या गोड सारणाची होती.

"काल ते पदक तुम्ही बराच वेळ डोळ्यांशी धरून बसला होतात."

"धरणारच. बाई, असा काळा मी आयुष्यात पाहिला नाही. त्याच्यात निळी छटा आहे, पावसाळी रात्रीसारखी. कसला रंग वापरता तुम्ही? किती थर देता?"

थर म्हणे! वीस वर्षं आमचे दागिने विकतो आणि अजून याला वाटतं की आम्ही ब्रश घेऊन बसतो. स्तुती खरी होती, त्यामुळे माफ केलं.

"मी चोरीन कशाला?" तो पुढे म्हणाला. "आज त्याच्यामागे नाव कोरलं गेलं की तेच पदक मी सरळ दारातून घेऊन जाईन. बिननावाचं नेऊन मी काय करू?"

बोलणं पटण्यासारखं होतं. पण जिभेवर साखर असलेल्या माणसाचं पटण्यासारखं बोलणं मी बाजूला काढून ठेवते. उठले, तर दारात तोकुजिरो उभा. दोन्ही खिसे बाहेर काढून लोंबत ठेवलेले.

"घ्या," तो गुरगुरला. "आता माझीच पाळी ना?"

३

तोकुजिरो पंचावन्नचा. विशीत आला, तेव्हापासून इथेच. दिवसाला चार वाक्यं बोलतो, त्यातली तीन हातोडीशी.

"खिसे आत घाल, मेल्या," मी म्हणाले. "सणाच्या दिवशी काय हा अवतार."

"गावभर हेच म्हणतील. तोकुजिरो जुना, नाव मिळालं कालच्या पोरीला, म्हणून त्याने लाटा पळवल्या. म्हणतील की नाही?"

"म्हणतील."

"तुम्ही काय म्हणता?"

"मी विचारते. तुला नाव हवं होतं का?"

तो मान वळवून भात्यापुढच्या संत्र्यांकडे बघत होता. तिथली सगळी मांडणी त्यानेच केली होती. मधे संत्र्यांचा ढीग, आणि ढिगाभोवती लाकडी ताटात तामाओची सरावाची पदकं. आमच्याकडे सोन्याच्या धातूला हात लावण्याआधी तोच दागिना नुसत्या तांब्यात करावा लागतो, मान्य होईपर्यंत पुन्हा पुन्हा. तामाओने ताटभर केली होती. सण म्हणून काल ती सगळी तिने आणि तोकुजिरोने घासून लख्ख केली होती आणि भात्यापुढे ठेवली होती.

"हवं होतं," तो शेवटी म्हणाला. "नको म्हणालो तर खोटं होईल. पंधरा वर्षं हवं होतं. मग गेल्या महिन्यात तिने तो तुकडा तुमच्या काढ्यातून वर काढला. मी बाजूलाच होतो. आत्याबाई, मी घरी गेलो आणि बायकोला म्हणालो, जेवायला काहीतरी चांगलं कर, आज आमच्या कारखान्यात एक वस्तू झाली."

असं म्हणून त्याने ताटातलं एक पदक उचलून सरळ ठेवलं. उचललं ते दोन बोटांच्या नखांनी, अगदी कडेने. हा माणूस संत्रंसुद्धा कडेने धरतो. तामाओही तशीच. आमच्या घरात लख्ख धातूच्या तोंडाला बोट लावणं म्हणजे पाहुण्याच्या तोंडावर शिंकणं.

"सकाळी तू कुठे होतास?"

"इथे. नंतर अंगणात पानं झाडत होतो. नाओयुकी आला, त्याला दार उघडलं, पुन्हा लावलं. मग मुरोई. मग तुम्ही."

"आत कोण फिरलं, पाहिलंस?"

"पाठ होती माझी." तो थांबला. "आत्याबाई, सापडलं नाही तर तिचं नाव जाईलच. पण मी मरेपर्यंत लोक माझ्याकडे बघून कुजबुजतील, ते निराळंच."

तेही खरं होतं. नुसतं पदक सापडून भागणार नव्हतं, कुणी घेतलं तेही कळायला हवं होतं.

४

नाओयुकी कारखान्यातच होता. झाकून ठेवलेल्या भट्टीशेजारी बापाच्या जुन्या आसनावर बसला होता.

"आत्या, तू पोलीस झालीस म्हणे."

"बस गप. जेवलास का?"

"भूक नाही."

हा पोरगा आईविना वाढला, म्हणजे माझ्याच पाठीवर वाढला. लहानपणी महाद्वाड. मी दिवसभर राबून चढवलेला रंग कोळशाने घासून काढायचा, आणि मी किंचाळले की टाळ्या पिटायचा. दादाने त्याला बारावीपर्यंत हातोडी धरायला सांगितलं, याने धरली नाही. टोकियोला गेला, मोठ्या कंपनीत चिकटला. आता बापाने तिकडे यावं म्हणून दर वर्षी भांडतो. या घरासाठी कुणी हॉटेलवालाही त्याने शोधून ठेवला होता.

"हे बघ," मी म्हणाले, "तामाओला आज नाव मिळालं नाही तर दादा भाता बंद करणार."

"माहीत आहे."

"मग तुझं बरंच होईल की."

"आत्या!" तो ताडकन उठला. "बाबांचे हात बघितलेस? काल फोनवर म्हणाले, भात्याचा दांडा ओढताना छातीत दुखतं. ते इथे एखाद्या दिवशी भट्टीशेजारी पडतील आणि तुम्ही म्हणाल, वा, काय कारागीर होता! मला कारागीर नकोय. मला बाप हवाय."

त्याच्या म्हणण्यात खोटं काय होतं? मी पाणी प्यायला म्हणून दगडी मोरीकडे वळले.

आणि तिथेच थबकले.

मोरीच्या कडेला कोळशाची वडी होती. मॅग्नोलियाच्या लाकडाचा हा मऊ कोळसा, धातू शेवटचा घासायला आम्ही वापरतो. काल संध्याकाळी मी स्वतःच्या हाताने ती वडी धुतली होती, वाळवली होती आणि कापडात गुंडाळून फळीवर ठेवली होती.

वडी ओली होती. आणि मोरीच्या भोकाशी करडं पाणी साचलं होतं.

आज काही घासायचं नव्हतं. भात्याच्या सणाला या घरात कुणी कधी घासलेलं नाही. वडी मी गुपचूप बाहीत टाकली. आज कुणी काय घासलं असेल? ज्याला काळा नको असेल, त्यानेच ना?

मग मी तिथूनच भात्याकडे पाहिलं, संत्र्यांकडे पाहिलं, आणि माझ्या जिवात जीव आला.

"तामाओ!" मी हाक मारली. "ते ताट उचल आणि स्वयंपाकघरात आण. आतल्या एकाही तुकड्याला बोट लावू नकोस. कुणालाही लावू देऊ नकोस!"

५

मी काढ्याचं तांब्याचं पातेलं गॅसवर चढवलं तेव्हा तोकुजिरो असा ओरडला की बैठकीतून मुरोई धावत आला.

"आत्याबाई! आज सण! आज रंगाचा काढा उकळणार? भाता झोपलाय!"

"झोपू दे त्याला."

"अहो, तुमच्या आजोबांपासून कुणी मोडलं नाही! वडीलधारे येऊन बसतील आता, त्यांना काय सांगू?"

तोकुजिरोचं बरोबर होतं, म्हणून मीही जरा कचरले. रीत आमची आहे, तिचा आम्हाला अभिमान आहे. पातेल्याखालची ज्योत निळी जळत होती आणि सगळे दादाकडे बघत होते. दादा दाराच्या चौकटीला टेकून उभा होता. त्याने एकदा गॅसकडे पाहिलं, एकदा बाजूच्या शेगडीवरच्या बदकाच्या रश्श्याकडे.

"हात्सु," तो म्हणाला, "या शेगडीला भाता आहे का?"

"नाही."

"मग तिचा सण नाही. उकळ."

तोकुजिरोने तोंड उघडलं, मिटलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा हसला असेल तसा हसला.

मी बांबूच्या काड्यांनी ताटातलं एकेक पदक उचलून जाळीत ठेवू लागले. सगळी लंबगोल, सगळी सारखी, सगळी गुलाबी तांब्यासारखी लख्ख. तामाओने मुळ्याकडे हात नेला. काढ्यात घालण्याआधी धातूला राखेने स्वच्छ करून मुळ्याचा कीस चोळावा लागतो, तरच रंग एकसारखा चढतो. ही पहिली पायरी, पहिल्या दिवशी शिकवतात ती.

"मुळा नको," मी म्हणाले.

"आत्या? असंच घालायचं? न धुता?"

"असंच."

"डाग पडतील!" तोकुजिरो पुन्हा किंचाळला. "जिथे जिथे हात लागलाय तिथे तिथे डाग पडेल! तुम्हाला वेडबिड लागलंय का?"

"तोकुजिरो," मी म्हणाले, "तू आज वर्षभराचं बोलून संपवलंस. आता बघ."

मी जाळी काढ्यात सोडली.

६

बाहेर फाटक वाजलं, वडीलधारे आले. तामाओने माझ्याकडे पाहिलं. मी हलले नाही. दादा स्वतः जाऊन त्यांना बैठकीत बसवून आला.

"मुरोईसाहेब," मी जाळी हलवत म्हणाले, "तुम्ही मघाशी विचारलंत, किती थर देतो. एकही नाही. शाकुदो घासून लख्ख केला की तांब्यासारखाच दिसतो. सख्ख्या बहिणी. काळा त्याच्या पोटात असतो, हा काढा तो वर आणतो. आणि कोळशाने घासलं की काळा जातो. लाटा जातात. उरतो तांब्यासारखा दिसणारा एक गुळगुळीत तुकडा."

मुरोईचा चष्मा वाफेने भरला होता. तो पुसायचंही त्याला सुचलं नाही.

"आपण सगळे काळं पदक शोधत होतो," मी म्हणाले. "कोनाडे, बॅगा, खिसे. ते तर भात्यापुढे ताटात पडलं होतं, आपल्या तांब्याच्या भावंडांत."

"म्हणजे ते..." तामाओने तोंडावर हात धरला.

"आहे, पोरी. बघ."

मी जाळी वर काढली. एकेक तुकडा विटकरी लाल झाला होता. एकसारखा, स्वच्छ. एकावरही डाग नव्हता. न धुता, न मुळा लावता! ज्यांनी ते काल घासले आणि मांडले, त्या दोघांच्या हातांचा मला त्या क्षणी असा अभिमान वाटला की मी काय करत होते ते विसरायची वेळ आली.

आणि मधल्या एका तुकड्यावर काळा वर येत होता. आधी धूसर, मग गडद, मग तो निळसर झाक असलेला माझा काळा. लाल आणि काळ्याच्या रेषा वेगळ्या झाल्या, वळल्या, एकीवर एक फुटल्या. नोतोचा समुद्र परत आला.

फक्त बरोबर मध्यावर, सगळ्यात उंच लाटेवर, मळकट डाग होता. अंगठ्याएवढा. त्यात उमटलेल्या बोटाच्या रेषा मोजता आल्या असत्या.

"कडेच्या बारीक रेषांवरून हे पदक मी न उकळताही ओळखलं असतं," मी म्हणाले. "पण मला नुसतं पदक नको होतं. मला हात हवा होता. आता ऐका. व्यापाऱ्याने चोरलं असतं तर घासलं नसतं. काळा जातो हेच त्याला माहीत नाही, त्याला तर तो थरांनी चढतो असं वाटतं. कारागिराने घासलं असतं तर अंगठा लावला नसता. झोपेतही नसता लावला. तोकुजिरो संत्रंसुद्धा कडेने धरतो."

तोकुजिरोने मान खाली घातली. त्याचे कान लाल झाले होते.

"हे त्याने केलं, ज्याने काळा घासून काढायचा खेळ या घरात लहानपणी खेळलाय, आणि ज्याने नंतर हातोडी कधी धरली नाही. काळा जातो हे त्याला माहीत. बोट लावू नये हे त्याच्या हाताला माहीत नाही."

नाओयुकीने उजवा हात खिशात घातला.

"नाओ," दादा म्हणाला. "हात दाखव."

७

त्याने हात बाहेर काढला. नखाच्या कडेला कोळशाची काळी रेघ होती.

"मला फक्त आजचा दिवस टळायला हवा होता," तो म्हणाला. "आज भट्टी पेटत नाही, म्हणजे कुणाला पुन्हा रंग चढवता येणार नाही. मंडळी परत जातील. तुम्ही भाता बंद कराल आणि माझ्याकडे याल. मग मीच ते ताटातून काढून देणार होतो. तामाओसान, तुम्हाला मी दुसरीकडे काम मिळवून दिलं असतं..."

"मला काम आहे," तामाओ म्हणाली. फक्त एवढंच. पण अशी म्हणाली की मुरोईने चष्मा काढला.

"नदीत टाकायचंही मनात आलं होतं. सोपं झालं असतं." नाओयुकी बापाकडे बघत होता. "नाही टाकवलं. घासताना शेवटची लाट पुसली जात होती, तेव्हाच हात थांबला होता माझा. मग म्हटलं, आता अर्धं ठेवून काय."

मी त्याच्या कानाखाली वाजवणार होते. खरंच वाजवणार होते. दादाने मला हाताने मागे सारलं.

"छातीत दुखतं म्हणालो, ते खरं आहे," दादा म्हणाला. "म्हणूनच मला आज हे हातावेगळं करायचंय. ते न करता मी तुझ्या टोकियोच्या घरात बसलो, तर रोज सकाळी कशासाठी उठू, सांग?"

नाओयुकी खाली बघून नखाकडेचा कोळसा कोरू लागला.

बैठकीतून खोकला ऐकू आला. म्हातारे कंटाळले होते. तामाओने डाग पडलेलं पदक काड्यांनी उचललं, खिडकीशी नेलं, तिरपं करून बघितलं.

"पुन्हा घासावं लागेल," ती म्हणाली. "पुन्हा राख, पुन्हा मुळा, पुन्हा काढा. आत्या, होईल?"

"माझा काळा आहे तो, बोलावला की येतो. पण तोवर त्या तिघांना कोण अडवणार?"

"मी," तोकुजिरो म्हणाला.

आम्ही सगळे त्याच्याकडे बघत राहिलो. तो खिसे नीट करून, छाती काढून बैठकीत गेला. दिवसाला चार वाक्यं बोलणारा हा माणूस तिथे काय बोलला देव जाणे, पण थोड्याच वेळात आतून हसण्याचा आवाज आला. मुरोई मिठाई घेऊन त्याच्या मदतीला धावला.

मी बाहीतून काढून दिलेली ओली वडी तामाओने घेतली. मी राख काढली. आणि मुळा?

नाओयुकीने कोट काढून ठेवला होता. बाह्या सारल्या, किसणी ओढली आणि मुळा किसायला बसला. कुणी सांगितलं नव्हतं. वाकडातिकडा किसत होता, बोटही सोललं. मी ओरडले नाही. डोळ्यांतून पाणी येत होतं त्याच्या. मुळा काही एवढा तिखट नव्हता.

दुसऱ्यांदा लाटा वर आल्या त्या पहिल्यापेक्षा खोल होत्या. मी पन्नास वर्षं हा काढा ढवळतेय, आणि तरीही दर वेळी माझा श्वास अडकतो. त्या वेळीही अडकला.

बैठकीत सगळ्यात म्हाताऱ्या वडीलधाऱ्याने पदक हातात घेतलं, अर्थातच कडेने, आणि बराच वेळ खिडकीच्या उजेडात फिरवत राहिला. तामाओ गुडघ्यांवर बसली होती. मांडीवरचे हात स्थिर होते.

"आम्हाला एवढं ताटकळत का ठेवलंत?" त्याने विचारलं.

"मुळा शिजत होता," तोकुजिरो म्हणाला.

म्हाताऱ्याने नाकाने वास घेतला. मोरचुदाचा वास तो ओळखणार नाही तर कोण? गालात हसला, आणि पदक तामाओपुढे पालथं ठेवलं.

"कोर."

दादाने स्वतःची नाव कोरायची छिन्नी तिच्यापुढे सरकवली. या छिन्नीने आमच्या आजोबांनी नाव कोरलं, बाबांनी कोरलं, दादाने कोरलं. आता नोतोच्या मासेमाराची मुलगी कोरत होती. टक्, टक्, टक्. काळ्या पाठीवर 'सेइगान' गुलाबी चमकलं. त्या अक्षरांना आम्ही काढ्यात घालत नाही. ती हवेने, हाताळणीने, वर्षांनी आपली आपण काळी होतात. दादाच्या नावाचा पहिला दागिना आता माझ्या पांढऱ्या केसांइतका जुना आहे आणि त्यातलं नाव शोधावं लागतं.

तोकुजिरोने सर्वांआधी वाकून नमस्कार केला. "चौथ्या सेइगान," तो म्हणाला, "उद्या भट्टी किती वाजता?" तेव्हा कुठे पोरगी रडली.

मग रीतीप्रमाणे पदक हातोहात फिरलं. वडीलधारे, मुरोई, तोकुजिरो. तोकुजिरोने ते पुढे धरलं तर पुढे नाओयुकी बसलेला. त्याने हात मागे घेतले. सोललेल्या बोटाला मी चिंधी बांधली होती.

"माझ्याकडे नको," तो पुटपुटला.

"हा कोण?" म्हाताऱ्याने विचारलं. "दिसला नाही कधी."

दादा बोलला तेव्हा त्याचा आवाज नावाच्या घोषणेच्या वेळी होता तसाच होता, मोठा आणि खणखणीत.

"माझा मुलगा. आजचा मुळा त्याने किसलाय." आणि मग नाओयुकीकडे वळून, "घे. कडेने धर."

नाओयुकीने घेतलं. दोन बोटांनी, कडेने. घाबरत घाबरत, पण नीट. बराच वेळ त्या लाटा बघितल्या आणि पुढे, बापाच्या हातात दिलं.

मी नंतर चष्मा लावून पाहिलं. डाग नव्हता.